सार्वजनिक नळाची किल्ली

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, व्यवसायाने ध्वनी-कलाकार, आईवडिलांची थोरली मुलगी आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर, हे लिहिते आहे तेव्हा माझे डोके ठिकाणावर आहे. हे मुद्दाम नोंदवते, कारण येत्या आठवड्यात याच डोक्याला उजव्या कानामागे भोक पाडले जाणार आहे. तिथली गाठ साधी आहे असे सर्जन म्हणाले. पण नंतर त्यांनी सहीसाठी जो कागद पुढे सरकवला त्यावर साधे असे काहीच नव्हते. बाबा म्हणाले, "अगं, गळक्या नळाला हात लावायच्या आधी मीही सांगतो, भिंत फुटली तर माझ्यावर नाही. तसंच असतं ते." त्यांचे बरोबर असेल. तरी माझ्यामागे घोळ राहू नये म्हणून हे मृत्युपत्र मी स्वखुशीने लिहीत आहे. कोणी सांगितले नाही, कोणी धमकावले नाही. उलट घरात सगळ्यांनी "असलं अभद्र काही लिहू नकोस" असेच सांगितले.

१. घर. माझ्या नावावर घर नाही. घर बाबांचे आहे. त्यातली मागची खोली मी अभ्यासासाठी म्हणून घेतली आणि पदवी मिळाल्यावरही सोडली नाही. तेव्हापासून धाकटी बाहेर, येण्याजाण्याच्या वाटेवर झोपते. ती खोली आता तिची. भिंतींना चिकटवलेला फोम आवाज अडवण्यासाठी होता. तो खरवडून काढताना रंग निघेल, त्याबद्दल आधीच माफी मागते.

२. बँकेतली शिल्लक आईबाबांना समान द्यावी. तिचा आकडा इतका साधा आहे की त्यावरून भांडण होण्याची भीती नाही.

३. पदवीचे प्रमाणपत्र बाबांनी त्यांच्या दुकानात, पाइप आणि टोट्यांच्या कप्प्यांवर, काच लावून टांगले आहे. ते तिथेच राहू द्यावे. बाबांचे मोठे भाऊ, म्हणजे माझे काका, दुकानात आले की त्याकडे बोट करून गिऱ्हाइकांसमोर म्हणतात, "एवढी शिकली आणि काय करते? कोरड्या नळातून आवाज काढते!" बाबा पाना फिरवत राहतात. काकांना मी माझ्या मालमत्तेतून काहीही देत नाही. मात्र त्यांनी ते प्रमाणपत्र एकदा जवळ जाऊन, चष्मा लावून वाचावे अशी विनंती करते. आईवडिलांच्या नावाच्या ओळीत दोघांचीही नावे आहेत.

४. माझी यंत्रे. संगणक, दोन्ही मायक्रोफोन, हेडफोन आणि छोटा रेकॉर्डर धाकटीला द्यावेत. रेकॉर्डर देताना एक अट आहे. तो सुरू असला की त्यावर लाल दिवा लागतो. दिवा दिसला की माणसे अवघडतात, छापील बोलू लागतात, म्हणून मी त्यावर काळी चिकटपट्टी लावली होती. ती मी आता काढली आहे. पुन्हा लावू नये. धाकटे, याला सल्ला समजू नकोस. अटच आहे. का ते पुढे येईल.

५. आता मुख्य मालमत्ता. ती माझी नाही हेच तिचे वैशिष्ट्य होते, म्हणून ती काय आहे ते नीट सांगते.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुने धुणीघर आहे. घराघरांत पाणी आल्यावर ते बंद पडले. लांब दगडी हौद, भिंतीला ओळीने नळ, वर छपराच्या तुटक्या काचा. पदवीच्या शेवटच्या वर्षी मी तिथे एक कलाकृती केली, नाव 'सार्वजनिक नळ'. बाबांनी सगळे नळ उघडून, घासून, नवीन वायसर घालून दिले. मी प्रत्येकाच्या मागे एक स्पीकर बसवला. नळ सोडला की पाण्याऐवजी आवाज वाहतो. कोणाच्या दळणयंत्राचा, कोणाच्या दम्याचा, कोणी पोराला ओरडते त्याचा, कोणी बिछान्यात एकटे हसते त्याचा. हे आवाज गल्लीने दिलेले. ज्याला हवा तो आवाज त्याने आपल्या फोनमध्ये भरून न्यावा आणि जमल्यास आपला एक सोडून जावा. तेच आवाज इंटरनेटवरही, तशाच मोकळ्या नळाने.

मला मनापासून वाटत होते, आजही वाटते, की हवा-पाण्यासारख्या काही गोष्टी कोणा एकाच्या कुलपात असू नयेत. आमच्या घरात पुस्तके नव्हती. मी जे काही शिकले ते अनोळखी लोकांनी फुकट, कोणत्याही परतफेडीविना, इंटरनेटवर ठेवले होते म्हणून शिकले. ते मला फेडायचे होते. उद्घाटनाला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि एक नळ सोडून कान लावून म्हणाले, "आयुष्यभर लोकांनी मला बोलावलं ते नळातून आवाज येतो म्हणून. आता न आल्यावर बोलावतील."

ही कलाकृती, तिचे स्पीकर, तारा आणि नाव मी गल्लीला देते. यात मला काही अडचण दिसत नाही. अडचण पुढच्या कलमात आहे.

६. प्रत्येक आवाज घेताना मी माणसाला विचारत असे, "हा सगळ्यांसाठी मोकळा करू ना?" माणूस हो म्हणायचा. मग मी मुक्त परवान्यावर खूण करायचे. त्यातही निरनिराळे प्रकार असतात. काहींत धंद्यासाठी वापरायला मनाई करता येते. मी सगळ्यांत सैल तो निवडला: कोणीही, कशासाठीही, कायमचा, दिलेला शब्द परत न घेता. मला वाटले, कुंपण घातले तर ते सार्वजनिक कसले? हे मी गल्लीतल्या कोणाला समजावून सांगितले नाही. मी सांगेन त्याला ते हो म्हणत होते आणि मला त्या होकाराची चटक लागली होती.

आईने अंगाई दिली. आई रुग्णालयाच्या धुलाई विभागात चादरींच्या घड्या घालते. माझ्यात आणि धाकटीत एक भाऊ झाला होता; काही महिन्यांचा होऊन तो गेला. ही अंगाई आईने त्याच्यासाठी स्वतः रचली होती. शेवटच्या कडव्यात त्याचे नाव येते. आम्हा दोघींसाठी तिने ती कधी म्हटली नाही. घड्या घालताना एकटी असली की म्हणायची. मी मागितली तेव्हा म्हणाली, "तुझ्या कामाला येत असेल तर घे बाई. नावाचं कडवं मात्र नको." मी ते कडवे कापले आणि उरलेली अंगाई नळात सोडली. तिच्या ओळी इथे लिहीत नाही. आता पुरे.

गेल्या हिवाळ्यात समोरच्या काकू नातवाला आणि त्याच्यासाठी घेतलेला एक कापडी ससा घेऊन आल्या. त्याचे पोट दाबले की तो गातो. काकू दारातूनच ओरडल्या, "अहो ऐका तरी! दुकानात दाबला आणि मी उडालेच! हा तुमचा आवाज, पैज लावून सांगते!"

आईने हात पुसले, ससा घेतला, पोट दाबले. आईचाच आवाज, जरा पातळ केलेला, मागे घंटानाद घातलेला. ससा अर्ध्यावर थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

"पैसे किती दिले गं त्यांनी?" काकूंनी मला विचारले.

"काही नाही, काकू. द्यावे लागत नाहीत. मोकळा आवाज आहे तो."

"मोकळा म्हणजे? मग सशाचे घेतले ते कुणाला गेले?"

आईने ससा काकूंच्या नातवाच्या हातात दिला. "घे रे राजा, झोप," एवढेच म्हणाली. त्या दिवसापासून ती घड्या मुकाट्याने घालते. खेळण्याच्या कारखान्याने चोरी केलेली नाही. मी दार उघडे ठेवून वर 'या' अशी पाटी लावली होती, ते आले. मी त्यांना पत्र लिहिले. त्यांनी आभार मानून परवान्याची प्रत परत पाठवली. ती माझ्याच खुणेची होती.

७. याहून वाईट पुढे आहे, आणि ते अजून झालेले नाही. म्हणूनच हा कागद.

नळांमागे एक कपाट आहे. लाकडाचे नाही, संगणकातले. मी टिपलेला प्रत्येक आवाज न कापता, पूर्ण, त्यात जातो. नळात सोडतो तो त्याचा तुकडा असतो. कपाटाला राखणदार एक, म्हणजे मी. राखणदाराने वर्षभर आत पाऊल ठेवले नाही, तर कपाट आपोआप उघडते आणि आतले सगळे, जसे आहे तसे, जगाला मोकळे होते. हा नियम माझा. कित्येक कलाकृती मालकाबरोबर मरतात, तसे होऊ नये म्हणून मी तो घातला आणि धुणीघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिला. लोकांनी त्यावर टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला फार आवडल्या होत्या.

एकाच्या लहरीने काही पुसले जाऊ नये म्हणून दुसरा नियमही केला: कपाटातले पुसायचे किंवा नियम बदलायचा तर दोन किल्ल्या एकदम लागतात. किल्ली म्हणजे परवलीचा शब्द. एक माझ्याकडे, दुसरी टाचणीकडे. टाचणी हा माझा वर्गमित्र, सगळी आज्ञावली त्याने लिहिली. अंगाने बारीक आणि बोलणे टोचरे, म्हणून हे नाव.

आता कपाटात काय आहे ते सांगते. अंगाई संपल्यावर मी "झालं आई" म्हटले आणि पाणी प्यायला उठले. रेकॉर्डर सुरूच होता. दिव्यावर पट्टी होती. आईला वाटले बंद झाला. मी परत येऊन बसले तेव्हा ती आपणहून बोलू लागली, बाळाच्या शेवटच्या दिवसाबद्दल. बाबांनाही तिने ते कधी सांगितलेले नाही. माझ्या लक्षात आले की यंत्र चालू आहे. हात पुढे करून ते बंद करता आले असते. मी केले नाही. कारण ती तसे कधीच बोलली नव्हती, आणि मी कलाकार होते. आई काय म्हणाली ते इथे लिहीत नाही, कोणाला सांगितलेलेही नाही. पण मी शस्त्रक्रियेच्या टेबलावरून उठले नाही तर एक वर्षाने ते जगातला कोणीही ऐकू शकेल, आणि सशाच्या पोटातही घालू शकेल.

८. या कलमाचा पहिला मसुदा मी फाडला. त्यात लिहिले होते: माझी किल्ली धाकटीला मिळावी, आणि तिने व टाचणीने मिळून आईचे ते बोलणे, आईला न सांगता, पुसून टाकावे. स्वच्छ, गुपचूप. मी तो टाचणीला दाखवला.

त्याने वाचला आणि म्हणाला, "मी नाही बसणार पुसायला."

"अरे, मी मेल्यावरची इच्छा आहे ही."

"मेल्यावर काय, तू आत्ता सांगितलंस तरी नाही. तो आवाज तुझा आहे का?"

"तोच तर मुद्दा आहे! माझा नाही म्हणून पुसायचाय."

"तुझा नाही म्हणून विचारायचाय," तो म्हणाला. "घेताना विचारलं नाहीस, पुसतानाही विचारणार नाहीस. मग सशावाल्यांना कशाला नावं ठेवतेस? त्यांनी निदान परवाना तरी वाचला."

मी चिडून म्हटले, "तुला सोपं आहे. तुझी आई नाही ती."

"आईंनी सांगितलं तर आत्ता उठून येतो. रात्री बोलव, पहाटे बोलव. पण आईंनी."

मला त्याचा फार राग आला. जाताना त्याच्या हातचा चहाही मी घेतला नाही. तो राग आता उरलेला नाही, आणि माझी सायकल मी टाचणीला देते. तिची घंटा वाजत नाही. ती त्याने दुरुस्त करू नये, तो ओरडतो तेवढे पुरते.

९. परवा दुपारी आई घरी होती. दोरीवरची मोठी चादर काढून आम्ही दोघींनी दोन टोके धरली. चादरीची घडी घालताना माणूस समोर येतो, टोके जुळवतो, मागे जातो, परत येतो. तोंड लपवायला जागा नसते. मी तशातच सांगितले. सगळे. पट्टीसुद्धा.

आई थांबली. "म्हणजे पट्टी होती ती?"

"हो."

"मला वाटलं दिवा मोडलाय. म्हटलं, एवढं शिकली, पोरीकडे धड यंत्रही नाही. बाबांना म्हणणार होते, तिला एक नवीन घेऊन द्या."

माझ्या हातातली टोके सुटली. तिने ती उचलली, घडी एकटीने पुरी केली, मांडीवर ठेवून तळव्याने सपाट केली. मग म्हणाली, "ऐकव."

मी हेडफोन तिच्या कानांवर बसवले. ती भिंतीकडे बघत ऐकत राहिली. मला तिच्या चेहऱ्यावरून काहीही कळले नाही, आणि मी आयुष्यभर तोच चेहरा वाचत आले आहे. संपल्यावर तिने हेडफोन स्वतःच काढले.

"ह्यांना ऐकवलंस?"

"बाबांना? नाही."

"त्या टाचणीनं ऐकलं?"

"त्याने उघडलं नाही. मी एकटीनेच."

"कितीदा?"

"पुष्कळदा, आई."

"आणि माझ्यासमोर बसून जेवत होतीस," ती म्हणाली.

यावर मी काहीतरी बोलले. रडत होते, त्यामुळे काय ते आठवत नाही. तिने मला जवळ घेतले नाही. मग विचारले, "आता ह्याचं काय करायचं ते कोण ठरवतं?"

"ज्याच्याकडे किल्ली असेल तो."

"मग दे इकडे."

१०. काल टाचणी आला. त्याने आईला खुर्चीवर बसवले, स्वतः जमिनीवर बसला. सगळे नीट समजावले. ती मध्येच म्हणाली, "हळू बोल रे, तुझ्यामागे कोण लागलंय?" त्याने पडद्यावर आईसाठी मोठ्या अक्षरांत तीन बटणे करून आणली होती: 'ठेवा', 'पुसा', 'उघडा'. 'उघडा' पाहून मी त्याच्यावर डोळे वटारले. तो म्हणाला, "तिसरं बटण नसेल तर विचारणं कसलं?" मग त्याने आपली किल्ली घातली, मी माझी घातली, आणि माझ्या जागी नवी राखणदार म्हणून आईला नवा शब्द निवडायला सांगितले.

"तोंड तिकडे कर," आई मला म्हणाली. "तूसुद्धा रे."

आम्ही दोघे भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. मागे ती एका बोटाने अक्षरे शोधत होती. एक कळ, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. शेवटी बटणाचा एक वेगळा, जरा जड आवाज आला.

"झालं," ती म्हणाली. "चहा ठेवते."

टाचणीला त्या तीन बटणांपैकी कोणते दाबले गेले ते कधीही बघता येईल. तो म्हणाला, "येतं बघता. बघणार नाही." सार्वजनिक म्हणजे काय यावर मी पदवीसाठी जे सगळे लिहिले, त्यात हे वाक्य नव्हते.

मी स्वयंपाकघरात जाऊन विचारले, "आई, काय केलंस?" ती म्हणाली, "तुझा कागद पुरा कर आधी."

११. त्यामुळे उरलेले असे ठरवते.

कपाट आपोआप उघडण्याचा नियम मी आणि टाचणीने काल, आईला किल्ली देण्याआधी, रद्द केला; सातवे कलम त्याआधी लिहिलेले आहे, ते तसेच ठेवते. भिंतीवरचे ते वाक्य बाबा चुन्याने पुसणार आहेत. काकांनी विचारले तर त्यांना खरे कारण सांगावे, हसू द्यावे.

कपाटात गल्लीतल्या इतरांचेही न कापलेले आवाज आहेत. पट्टी सगळ्यांच्याच वेळी होती. मी बरी होऊन परत आले तर दारोदार जाऊन प्रत्येकाला त्याचे ऐकवीन आणि विचारीन. न आल्यास हे काम धाकटीने करावे. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचा अधिकारही मी तिलाच देते. ज्याने 'पुसा' म्हटले त्याचे आईच्या आणि टाचणीच्या किल्लीने पुसावे. जो गप्प राहिला त्याचे मिटलेले राहावे. गप्प राहणे म्हणजे हो, असे मी आजवर धरत आले. यापुढे धरू नये. धाकटे, तुझ्याजवळ बसून हे काम तुला सांगायला हवे होते, कागदातून नाही. तू लहान आहेस असे मी अजून समजते, तेही चुकीचेच आहे.

नळ मात्र चालू ठेवावेत. मी चुकले ते नळांमुळे नाही.

अंगाईचा जो भाग जगात गेला आहे तो मला परत आणता येत नाही. त्याची भरपाई माझ्या कोणत्याही मालमत्तेतून होत नाही, म्हणून तशी तरतूद केलेली नाही.

आईच्या त्या बोलण्याबाबत मी काहीही ठरवत नाही. ते आता आहे, नाही, की उघडे आहे, हे मला माहीत नाही. माझ्या मृत्यूनंतर कोणी ते शोधू नये, माझ्या नावाने प्रदर्शनात मांडू नये, आईला विचारून छळू नये. किल्ली तिची आहे. तिच्यानंतर ती कोणाकडे जावी हे ती ठरवेल, किंवा ठरवणार नाही.

आई माझ्याशी बोलते. रुग्णालयात न्यायची पिशवी तिनेच भरली. टॉवेल, सपाता, बदलायचे कपडे, सगळे घडी घालून. पण तिने मला क्षमा केली असे या कागदात कुठेही लिहिलेले नाही. कोणी तसे वाचू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर त्याखाली सही केली. त्यांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. टाचणीला साक्षीदार करता आले नाही, कारण त्याला सायकल मिळते.

(सही)
मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिली: (सही) समोरच्या काकू. "आतलं वाचलेलं नाही, सही करताना बघितलं," असे लिहून घेण्याचा त्यांनी आग्रह धरला, म्हणून लिहिले.

साक्षीदार दुसरे: (सही) बाबांच्या दुकानाशेजारचे घड्याळजी.

ठिकाण: आमचे स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा रविवार, सकाळ.